मेदोहर औषधांचा इतिहास

शरीर कमी होण्याच्या क्रियेला मराठींत जेवढे शब्द आहेत ते बहुतेक सारे काळजीचे आहेत. मनुष्य वाळतो, सुकतो, रोडावतो, खंगतो, झिजतो. पाहणारा हळहळतो आणि घरांतील वडील माणसें वैद्याकडे निरोप धाडतात. उलट मूल बाळसें धरतें, मुलगी अंगानें भरते, दुखण्यांतून उठलेल्याच्या अंगावर मांस चढतें, आणि ‘खाऊनपिऊन सुखी’ एवढ्या दोन शब्दांत एका कुटुंबाची सारी प्रतिष्ठा सांगून होते. ज्या प्रांतानें १८७६-७८ चा दुष्काळ पाहिला, आणि त्याच शतकाच्या अखेरीस दुष्काळ व प्लेग ही दोन्ही संकटें एकदम सोसलीं, त्या प्रांताची भाषा याहून निराळें काय बोलणार? मेदवृद्धि ही व्याधि आहे हें आमच्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु ती श्रीमंतांची व्याधि, म्हणजे जवळ जवळ एक दागिनाच, अशी लोकांची समजूत होती.

आतां ही भाषा बदलूं लागली आहे. वसईहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कामणदुर्गाच्या परिसरांत, कामण हें गांव आहे. दिवा-वसई लोहमार्गावर त्याच्या नांवाचें ‘कामण रोड’ हें स्टेशनही आहे. डोंगराच्या अंगास आदिवासींचे पाडे, सखल भागांत भातखाचरें, आणि रस्त्याच्या कडेनें गुदामें, कारखान्यांचे गाळे व मालमोटारींची रीघ, असा दोन-तीन काळांचा संसार तेथें एकत्र मांडलेला दिसतो. ह्या भागांतील मध्यम स्थितीच्या घरांतून लग्नकार्यानिमित्त वावरतांना एक फरक आमच्या ध्यानांत आला. ‘अगं, किती वाळलीस!’ हें मावशीचें वाक्य ऐकून पूर्वीं मुलीची आई कानकोंडी होत असे. हल्लीं मुलगी हंसून ‘खरंच का गं, मावशी?’ असें विचारते, आणि आईच्या मुद्रेवरही समाधान दिसतें. त्या समाधानामागें कधीं व्यायाम असतो; कधीं उपासतापास; कधीं डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं घरोघर पोंचविलेली दोनच वेळां जेवण्याची पद्धति. आणि अलीकडे कोठें कोठें आठवड्यास एकदां टोंचून घ्यावयाची सुई.

ह्या सुईविषयीं दोनच मतें सर्वत्र ऐकूं येतात. एक पक्ष तिला चमत्कार म्हणतो, दुसरा विष म्हणतो. इतिहासाच्या अभ्यासकास हीं दोन्ही मतें जुन्या ओळखीचीं वाटतात. कारण गेल्या सव्वाशें वर्षांत पाश्चात्य देशांत जवळ जवळ प्रत्येक पिढीला एक तरी मेदोहर औषध लाभलें आहे. प्रत्येक वेळीं वजनाच्या कांट्यानें औषधाच्या बाजूनें साक्ष दिली. ती साक्ष खोटी नव्हती. अपाय उघडकीस आला तो शरीराच्या अशा भागांत, कीं जिकडे त्या वेळीं कोणीच पाहत नव्हतें. नव्या औषधाचा न्याय करण्यापूर्वीं हा साक्षीपुराव्याचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

प्रारंभ आपल्या घरापासून करूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत आठ प्रकारच्या निंद्य शरीरांची गणना आहे: अति उंच, अति ठेंगणें, अति केसाळ, केसहीन, अति काळें, अति गोरें, अतिस्थूल आणि अतिकृश. पहिल्या सहांना नांवापुरतें उल्लेखून आचार्य लगेच शेवटच्या दोहोंकडे वळतात, यावरूनच त्यांच्या वैद्यकीय दृष्टीची कल्पना येते. स्थूल व कृश दोघेही सदा व्याधिग्रस्त. तरीपण दोहोंत निवड करावयाची तर कृशता बरी, असा त्यांचा कौल आहे. कारण असें कीं, स्थूलास पोषक अन्न द्यावें तर मेद वाढतो, आणि उपाशी ठेवावें तर त्याचा प्रदीप्त झालेला अग्नि तें सहन करूं देत नाहीं. अन्न कमी केलें कीं भूक सूड घेते, हें आजच्या शरीरशास्त्राचें म्हणणें येथें दुसऱ्या परिभाषेंत सांगितलेलें आहे. यावर चरकाची युक्ति मोठी मार्मिक आहे. स्थूलास असें अन्न द्यावें कीं जें पचावयास जड, पण पोषणास हलकें असेल. म्हणजे पोट भरल्यासारखें वाटावें आणि अंगीं मात्र थोडें लागावें. जव, मूग, ताक, मधाचें पाणी, त्रिफळा, गुळवेल हीं त्या यादींत येतात, व्यायाम येतो, आणि जागरण व चिंतन हींही क्रमाक्रमानें वाढवावीं असें सांगितलें आहे. हा शेवटचा उपाय परीक्षा जवळ आलेल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या वडिलांना हल्लीं वैद्यावांचूनच मिळतो. तरी त्यांचीं वजनें उतरलेलीं दिसत नाहींत!

सुश्रुतानें मेदोरोगावर गुग्गुळ सांगितला आहे. ह्या वचनाचा धागा धरून जी. व्ही. सत्यवती यांनीं बनारस हिंदु विद्यापीठांत संशोधन केलें, आणि १९६६ सालीं आपला प्रबंध सादर केला. गुग्गुळानें प्राण्यांच्या रक्तांतील स्निग्ध द्रव्यें कमी होतात असें त्यांना आढळलें. पुढें लखनौच्या केंद्रीय औषधि संशोधन संस्थेनें त्यापासून एक अर्क सिद्ध केला व तो बाजारांत आला. परंतु २००३ सालीं अमेरिकेंत १०३ व्यक्तींवर जो नियंत्रित प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यांत रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजीं थोडें वाढलेंच, आणि कित्येकांच्या अंगावर पुरळ उठलें. यावरून सुश्रुत खोटा ठरतो असें आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकन मनुष्यास अमेरिकन आहारावर दिलेला अर्क म्हणजे सुश्रुताची चिकित्सा नव्हे. पण ‘वनस्पति आहे, अपाय कसला?’ हें जें वाक्य शिकलेल्या माणसांच्या तोंडींही ऐकूं येतें, त्याला मात्र ह्या प्रयोगानंतर आधार उरत नाहीं.

युरोपांत ह्या विषयास लोकप्रियता आणिली ती कोणा वैद्यानें नव्हे, तर लंडनच्या विल्यम बॅंटिंग नामक एका अंत्यविधि-व्यावसायिकानें. साखर व पिष्ट पदार्थ सोडून आपण कसे सडसडीत झालों हें सांगणारें त्याचें पत्रक १८६३ सालचें आहे. त्यांत औषध नव्हतें. औषध आलें तें पुढील पिढींत. १८९१ सालीं जॉर्ज मरे या इंग्रज डॉक्टरानें मेंढीच्या कंठग्रंथीचा, म्हणजे थायरॉईडचा, अर्क देऊन ती ग्रंथि मंदावलेल्या रोग्यास बरें केलें. त्या रोग्यांचें वजनही उतरतें असें दिसतांच, ज्यांची ग्रंथि अगदीं निरोगी होती अशा स्थूल लोकांसही तो अर्क मिळूं लागला. चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि हृदय धडधडूं लागतें, याची दखल पुष्कळ उशिरां घेतली गेली. अमेरिकेंत ‘मार्मोला’ नांवाच्या गोळ्यांत हीच ग्रंथि असे व त्या टपालानें घरबसल्या मिळत. तेथील सरकारी आयोगानें त्या जाहिरातींस हरकत घेतली, तेव्हां १९३१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, ह्या जाहिरातींमुळें प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांचें नुकसान झाल्याचें सिद्ध होत नसल्यामुळें आयोगास अधिकार नाहीं. गोळी घेणाऱ्याचें नुकसान हा त्या वेळीं कायद्याचा विषयच नव्हता! पुढें १९३८ मध्यें कायदा दुरुस्त करावा लागला.

परंतु ह्या सर्व इतिहासांत विचार करावयास लावणारें असें प्रकरण म्हणजे डायनायट्रोफेनॉलचें. पिवळ्या रंगाचें हें रसायन मूळचें रंगाच्या व स्फोटकांच्या कारखान्यांतलें. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत ज्या मजुरांचा त्याच्याशीं संबंध येई त्यांना दरदरून घाम सुटे, ताप चढे, वजन उतरे. आणि त्यांतील कित्येक दगावले. १९३३ सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॅन्फर्ड विद्यापीठांत मॉरिस टेन्टर, विंडसर कटिंग व त्यांचे सहकारी यांनीं ह्याच द्रव्याची लहान मात्रा स्थूल रोग्यांना देऊन पाहिली. जेवण कमी न करतां वजन उतरूं लागलें. थोड्याच काळांत एकट्या अमेरिकेंत सुमारें एक लाख लोकांनीं तें घेतलें असावें, असा टेन्टर यांचाच अंदाज होता.

तें द्रव्य करीत होतें काय? आपण खाल्लेलें अन्न पेशींत जळतें, आणि त्यांतून निघणारी शक्ति पेशी एका विशिष्ट रसायनाच्या रूपानें सांठवून ठेवतात. ज्वलन आणि सांठवण यांची जी सांगड आहे ती हें औषध तोडून टाकतें. अन्न जळत राहतें, पण शक्ति सांठत नाहीं. ती नुसती उष्णता होऊन निघून जाते. चूल धडधडून पेटलेली आणि वर भांडेंच नाहीं, असा तो प्रकार. मात्रा थोडी जास्त झाली कीं ही उष्णता आवरत नाहीं. अंगाचा ताप वाढत वाढत मनुष्य दगावतो, आणि यावर उतारा असा नाहीं. ही सांगड तुटण्याची क्रिया लूमिस व लिपमन यांनीं दाखविली ती १९४८ सालीं. म्हणजे औषध लाखभर लोकांच्या पोटांत गेल्यानंतर पंधरा वर्षांनीं त्याच्या कार्याचा उलगडा झाला.

मृत्यूंपेक्षांही विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. १९३५ च्या सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तरुण स्त्रिया येऊं लागल्या. त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु होत होता आणि तो झपाट्यानें पिकत होता. ह्या वयांत मोतीबिंदु कां, याचा शोध घेतां घेतां प्रत्येकीच्या घरीं त्या पिवळ्या कॅप्सूलची डबी निघाली. कित्येकींनीं औषध सोडून महिने लोटले होते. औषधाची परीक्षा करणारांनीं वजन मोजलें होतें, नाडी मोजली होती, ताप मोजला होता; डोळ्यांत कोणी डोकावलें नव्हतें, आणि डोकावण्यास कारणही नव्हतें. १९३८ च्या अमेरिकन कायद्यानें ह्या औषधाची अधिकृत विक्री बंद पाडली. तरी ‘चरबी जाळणारें’ म्हणून तें आजही इंटरनेटवरून चोरून विकलें जातें, आणि इंग्लंडमध्यें गेल्या कांहीं वर्षांत त्यापायीं तरुण मुलें-मुली दगावलीं आहेत.

यापुढील प्रकरणें आम्ही थोडक्यांत उरकतों. कारण कथानक तेंच, पात्रें तेवढीं निराळीं. अँफेटामीन हें दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांना जागें ठेवण्यासाठीं दिलें गेलें. त्यानें भूकही मरते असें दिसल्यावर तें गृहिणींच्या हातीं आलें, आणि त्यांतील पुष्कळ जणी त्याच्या व्यसनांत अडकल्या. अमिनोरेक्स १९६५ मध्यें स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व जर्मनी या देशांत आलें आणि १९६८ मध्यें गेलें. मधल्या काळांत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याच्या एका दुर्मिळ रोगाची तेथें सांथ आल्यासारखें झालें. फेनफ्लुरामीन आणि फेंटरमीन या दोन जुन्या औषधांची जोडगोळी १९९२ सालीं १२१ रोग्यांवरील एका प्रयोगामुळें अमेरिकेंत एकाएकीं प्रसिद्धीस आली; १९९७ च्या जुलैंत मेयो क्लिनिकनें २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचें जाहीर केलें, आणि सप्टेंबरांत फेनफ्लुरामीन बाजारांतून उठलें. डोळा झाला, फुप्फुस झालें, हृदयाची झडप झाली. त्यानंतर पाळी आली मनाची. भांग घेतलेल्या मनुष्यास जी खा-खा सुटते ती मेंदूंतील ज्या द्वारांतून येते, तेंच द्वार बंद करणारें रिमोनाबँट २००६ सालीं युरोपांत मंजूर झालें. कल्पना मोठी सुंदर होती. पण त्याच द्वारांतून मनुष्याचा आनंदही ये-जा करीत असावा. कारण तें घेणाऱ्यांपैकीं कांहींजण विषण्ण झाले, कांहींच्या मनांत आत्मघाताचे विचार येऊं लागले, आणि २००८ मध्यें युरोपांत त्याची विक्री थांबली.

येथवरची कथा परदेशची म्हणून ऐकली. परंतु आपला देश तिच्या बाहेर नव्हता. रिमोनाबँटवर भारत सरकारनें डिसेंबर २००९ मध्यें बंदी घातली. सिब्युट्रामीन नांवाचें दुसरें औषध तर आपल्याकडे अनेक नांवांनीं विकलें जात होतें. सुमारें ९८०० लोकांवर केलेल्या एका दीर्घ परीक्षेंत असें दिसलें कीं, हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांपैकीं हें औषध घेणाऱ्यांत हृदयाचे झटके, पक्षाघात इत्यादि आपत्ति शेंकडा ११.४ जणांवर आल्या, आणि न घेणाऱ्यांत शेंकडा १० वर. वजन उतरलें होतें आणि झटके वाढले होते! २०१० मध्यें तें युरोप-अमेरिकेंतून गेलें व फेब्रुवारी २०११ मध्यें आपल्याकडे बंद झालें. औषधांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा आपला मूळ कायदा १९४० सालचा. कर्नल चोप्रा यांच्या समितीनें १९३१ मध्यें जो अहवाल दिला त्याचें तें उशिरां आलेलें फळ. त्यानंतर १९५४ सालीं चमत्कारी औषधांच्या जाहिरातींस आळा घालणारा दुसरा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टांत ज्या चोपन्न व्याधींवर खात्रीच्या उपायाची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत स्थूलता हें नांव स्पष्ट छापलेलें आहे. आगगाडीच्या डब्यांत चिकटविलेल्या ‘पंधरा दिवसांत दहा किलो’ अशा कागदांकडे पाहिलें म्हणजे हा कायदा कोणी वाचला तरी आहे कीं नाहीं, असा प्रश्न पडतो.

आतां नव्या सुईकडे वळूं. जेवण झाल्यावर आपलें आंतडें एक संप्रेरक सोडतें. त्याचें संक्षिप्त नांव जी.एल.पी.-१. तें स्वादुपिंडास इन्शुलिन सोडावयास सांगतें, जठराची गति मंद करतें, आणि मेंदूस ‘आतां पुरे’ असा निरोप पोंचवितें. अडचण एवढीच कीं, रक्तांत तें दोन-तीन मिनिटांत निम्मेंशिम्में नाहींसें होतें. त्याचें औषध करावयाचें तर तें टिकाऊ करणें भाग होतें. ह्या कामीं मदत झाली ती एका सरड्याची. अमेरिकेच्या वाळवंटांत हिला मॉन्स्टर नांवाचा एक विषारी सरडा आहे, न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन एंग यांना त्याच्या विषांत ह्या संप्रेरकासारखेंच, पण अधिक टिकणारें द्रव्य आढळलें, आणि १९९२ मध्यें त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. त्यावरून तयार झालेलें मधुमेहाचें औषध २००५ सालीं मंजूर झालें. पुढें मानवी संप्रेरकांतच फेरफार करून सेमाग्लुटाइड हें आठवडाभर टिकणारें औषध सिद्ध झालें. १९६१ लोकांवरील प्रयोगांत ६८ आठवड्यांनंतर त्यानें शरीराचें वजन सरासरी शेंकडा १४.९ नें उतरविलें, तर नुसतें पाणी टोंचलेल्यांचें शेंकडा २.४ नें उतरलें. दोन संप्रेरकांचें काम करणारें टिर्झेपेटाइड त्याच्याही पुढें गेलें; मोठ्या मात्रेंत ७२ आठवड्यांत शेंकडा २० च्या वर. टिर्झेपेटाइड भारतांत मार्च २०२५ मध्यें आलें, आणि वजनासाठीं म्हणून सेमाग्लुटाइडची सुई त्याच वर्षीं जूनमध्यें.

मागील इतिहास सांगून झाल्यावर आम्ही हींही औषधें त्याच मापानें मोजणार, अशी वाचकांची अपेक्षा असेल. तसें करणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. ह्या औषधांच्या बाबतींत एक गोष्ट वेगळी घडली आहे: त्यांची परीक्षा नुसत्या कांट्यावर झाली नाहीं. ज्यांना पूर्वीं हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला आहे, वजन अधिक आहे, पण मधुमेह नाहीं, अशा १७,६०४ लोकांना सरासरी तीन वर्षांहून अधिक काळ पाहण्यांत आलें; २०२३ मध्यें निकाल लागला. हृदयविकारानें मृत्यु, झटका किंवा पक्षाघात ह्या आपत्ति सुई न घेणाऱ्यांत शेंकडा ८ जणांवर आल्या, घेणाऱ्यांत शेंकडा ६.५ वर. सिब्युट्रामीनच्या परीक्षेशीं हे आंकडे ताडून पाहावे. तेथें कांटा वाढला होता, येथें तो उतरला आहे. मधुमेहानें मूत्रपिंडें बिघडलेल्या रोग्यांनाही ह्या औषधानें लाभ झाल्याचें २०२४ मध्यें दिसून आलें. ज्याची साखर वाढलेली, कंबर सुटलेली, जिना चढतांना धाप लागते, आणि घराण्यांत बापाचा किंवा चुलत्याचा पन्नाशींत हृदयविकारानें अंत झालेला, अशा गृहस्थास ही सुई म्हणजे चैन नव्हे. तिला नुसत्या भीतीनें नाकारणें हेंही एक प्रकारचें अज्ञानच होय.

पण अपायांची बाजू उघड्या डोळ्यांनीं पाहिली पाहिजे. मळमळ, वांत्या, बद्धकोष्ठ हे त्रास तर पुष्कळांना होतातच. पित्ताशयांत खडे होण्याचा संभव वाढतो. स्वादुपिंडास सूज येण्याची शंका आली तर औषध तात्काळ थांबवावें लागतें. ज्यांच्या घराण्यांत कंठग्रंथीचा एक विशिष्ट कर्करोग आहे त्यांना तें देत नाहींत. डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा एकाएकीं बंद पडून दृष्टि जाण्याचा प्रकार अत्यंत विरळ, पण औषधाशीं संबद्ध असल्याचें युरोपीय नियामकांनीं जून २०२५ मध्यें मान्य केलें. पुनः डोळाच! औषध सोडल्यावर काय होतें, हा आणखी वेगळा प्रश्न. ६८ आठवडे सुई घेऊन मग थांबलेल्या लोकांना वर्षभर पाहिलें असतां, उतरलेल्या वजनापैकीं दोन-तृतीयांश वजन परत आलेलें दिसलें. अर्थात् रक्तदाबाच्या गोळीप्रमाणें हें औषध कदाचित् जन्मभराचें आहे. लग्नाच्या आधीं तीन महिने घ्यावयाचें आणि अक्षता पडल्यावर सोडावयाचें, असें तें नव्हे. टिर्झेपेटाइड भारतांत आलें तेव्हां सर्वांत लहान मात्रेच्या एका कुपीची किंमत ३५०० रुपये होती, आणि एक कुपी एक आठवडा पुरते. हा हिशेब जन्मभरासाठीं मांडून पाहावा. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट सरलें म्हणजे औषधें स्वस्त होतात हा आपला जुना अनुभव आहे. परंतु स्वस्ताई आली कीं परीक्षेवांचून घेणारेही वाढतात, आणि बनावट मालही वाढतो. त्याविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें जून २०२४ मध्येंच इशारा दिलेला आहे.

एक अपाय मात्र असा आहे कीं, त्याचा विचार आपल्या लोकांनीं इतरांहून अधिक केला पाहिजे. उतरलेलें वजन सारें चरबीचें नसतें. सेमाग्लुटाइडच्या त्याच प्रयोगांत ज्या थोड्या लोकांचें शरीर यंत्रानें तपासलें, त्यांच्या घटलेल्या वजनापैकीं जवळ जवळ शेंकडा ४० भाग चरबी सोडून इतर, म्हणजे मुख्यतः स्नायू इत्यादि होता. आणि ह्या ठिकाणीं पुण्याचें संशोधन आमच्या विषयांत येऊन मिळतें. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत आपलें दोघांचें छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन तंतोतंत सारखें. दोघांचाही निर्देशांक २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, आणि याज्ञिक यांच्या शरीरांत शेंकडा २१.२! कांट्याच्या दृष्टीनें हे दोघे जुळे भाऊ. आंतून मात्र एक पाश्चात्य, एक भारतीय. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकांचें जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५ किलो. आमचीं बाळें हातापायांनीं, पोटानें, स्नायूंनीं लहान. पण त्वचेखालची चरबी त्या मानानें मुळींच कमी नाहीं. दिसावयास कृश आणि आंतून मेदयुक्त, अशी ही जन्मापासूनची प्रकृति असून, मधुमेहाचें बीज तींत असावें असें याज्ञिक यांचें प्रतिपादन आहे.

याचे दोन अर्थ निघतात. कांट्यावर जो सडपातळ ठरतो असा आपला मनुष्य निर्धास्त नसतो. म्हणूनच भारतीयांसाठीं स्थूलतेचा निर्देशांक ३० ऐवजीं २५ धरावा असें आपल्या वैद्यांनीं २००९ मध्यें ठरविलें. आणि दुसरा अर्थ असा कीं, ज्याच्यापाशीं स्नायूंचें भांडवल आधींच थोडें, त्यानें वजनाबरोबर स्नायूही उतरविले तर त्याच्यापाशीं उरणार काय? पाश्चात्य देशांतील सव्वाशें किलोचा मनुष्य पंधरा टक्के वजन गमावून सुदृढ राहूं शकेल. लग्नास उभी राहिलेली आमची पंचावन्न किलोची मुलगी, जी डाळ-उसळ जेमतेम खाते आणि जिनें कधीं वजन उचललेलें नाहीं, तिनें तेंच औषध घेतलें तर कांटा खुशींत उतरेल. झीज मात्र मांडीची आणि हाडांची होईल. ह्या मुलीस औषधाचा जो लाभ सिद्ध झाला आहे त्यांतला एकही लागू नाहीं, कारण तिच्यासारखी मुलगी त्या प्रयोगांत नव्हती. तिचा मामा, जो पंचेचाळिशींत मधुमेही झाला आहे आणि ‘आपल्याला कसली सुई-बिई नको’ असें म्हणून जेवणानंतर श्रीखंडाची दुसरी वाटी घेतो, तो मात्र त्या प्रयोगांतल्या माणसांचा सख्खा भाऊ शोभेल. घराघरांतून आज औषध जातें आहे तें बहुधा चुकीच्या माणसाकडे.

कामणचा जो पालघर जिल्हा, तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झाला. त्याच जिल्ह्यांत जव्हार आहे, मोखाडा आहे. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनीं १९९२ सालीं सारा महाराष्ट्र हादरला होता, तें हेंच जव्हार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा १८.७ कृश आणि शेंकडा २४ स्थूल आढळल्या. हे दोन आंकडे एकाच पानावर छापलेले आहेत. पुण्याच्या अभ्यासावरून पाहतां ह्या दोन रोगांचें मूळही एकच असूं शकतें: अर्धपोटी आईच्या उदरांत वाढलेलें मूल पुढें शहरांत येतें, बसून काम करतें, आणि चाळिशींत मेदानें व मधुमेहानें आजारी पडतें. पाड्यावरून उठून गाळ्यांत कामास लागलेल्या पिढीची वाटचाल ह्याच दिशेनें आहे, आणि तिच्या हातीं ३५०० रुपयांची कुपी येणार नाहीं.

अंगणवाडींत वजनाचा कांटा असतो. मुलाचें वजन वाढलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं. परंतु कुपोषणाचें काम करणारांनीं नुसत्या कांट्यावर विसंबणें केव्हांच सोडलें आहे. त्यांच्यापाशीं एक साधी रंगीत फीत असते. ती मुलाच्या दंडाभोंवतीं गुंडाळावयाची. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला कीं तें तीव्र कुपोषित. मोठ्या माणसासाठींही अशीच फीत आहे. ती शिंप्याच्या दुकानांत मिळते आणि कमरेभोंवतीं धरावी लागते: पुरुषास ९० सेंटिमीटर, स्त्रीस ८०, त्यापुढें गेल्यास साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावें असें आपल्याकडील वैद्य सांगतात. सुईची गोष्ट त्या तपासणीच्या नंतरची आहे.